डोळे उघडून द्या

शिवलिंगप्पाच्या कापड दुकानात मी लुगडं बघत बसलो होतो आणि भिंतीवरून माझी बायको बघत होती. तिला जाऊन त्या दिवशी तेवीस दिवस झाले होते. लुगडं लेकीसाठी हवं होतं. शिवलिंगप्पानं चार-दोन घड्या फटाफट उलगडून माझ्यापुढे टाकल्या, "ह्यो इरकली काठ बघा कल्याणप्पा, नीलाला लई शोभंल," म्हणाला, आणि रंग नीट उजेडात बघावा म्हणून कापड हातात घेऊन मी मान वर केली. गादीच्या वरच्या अंगाला, देवांच्या तसबिरींच्या रांगेत त्याच्या बापाचं, हणमंतप्पाचं, चित्र टांगलेलं आहे. ते मीच काढलेलं. त्याला नऊ वर्षं झाली. जरीचा फेटा, झुपकेदार मिशा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि त्या पांढऱ्या भुवयांच्या खाली माझ्या शरणम्माचे डोळे. हे मला त्या दिवशी नव्यानं कळलं असं नाही. ते डोळे तिथं मीच बसवले होते आणि नऊ वर्षं सणावाराला दुकानात जाताना ते बघतही आलो होतो. पण तेव्हा ती घरी होती. घरी खुद्द बाई असताना दुकानातल्या डोळ्यांकडे कोण लक्ष देतो? आता घरी कोणी नव्हतं आणि ती इथं होती, एका म्हाताऱ्या दुकानदाराच्या तोंडावर. माझ्या हातातलं कापड गळून पडलं. "काय झालं ओ? पाणी आणू का?" शिवलिंगप्पा उठलाच. "नको, उन्हानं जरा कसंतरी झालं. उद्या येतो," असं काहीतरी बोलून मी लुगडं न घेताच बाहेर पडलो.

मी काही चित्रकार नव्हे. लोहाऱ्याच्या जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर आहे. निजामाच्या राज्यात उर्दूतून चार बुकं शिकलो, त्यावर ही नोकरी लागली आणि राज्य बदललं तरी टिकली. चित्रांचा नाद लागला तो जनावरांमुळे. बैल लाकडी खोड्यात घातला की डॉक्टर येईपर्यंत त्याला धरून उभं राहायचं हे माझं काम. समोर एवढं थोरलं तोंड, ओलं नाक, पापण्यांचे लांब केस. माशी बसली की कातडी थरथरते, तेवढीच काय ती हालचाल. मग मी चिठ्ठ्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीनं काढायला लागलो. पुढं सोलापूरहून तेलरंगाच्या नळ्या मागवल्या, मांजरपाट चौकटीवर ताणून त्यावर सरस आणि खडूची भुकटी चढवायला शिकलो, सगळं आपलं आपण, चुकत माकत. माकणीच्या धोंडीबाचा बैल घटसर्पानं गेला, त्याचं चित्र करून दिलं तर तो गडी चित्राला हात लावून म्हणाला, "आता म्या ह्याला रामराम करूनच शेताला जातो बघा." बैलाचे डोळे काढणं सोपं असतं. बैल बघतो, पण आपल्याकडून त्याला काही नको असतं, त्यामुळे आपणही बेधडक बघत राहतो. माणसांचं तसं नाही. माणसानं रोखून बघितलं की मी आधी नजर खाली घालतो, हे माझं लहानपणापासूनचं आहे. शाळेत मौलवीसाहेब त्यासाठी हनुवटीला धरून मान वर करायचे.

माणसांकडे मी वळलो तो हणमंतप्पा वारला तेव्हा. आमच्या लिंगायतांत माणूस गेला की त्याला आडवं निजवत नाहीत. आंघोळ घालून, विभूती लावून, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून त्याला भिंतीला टेकून बसवतात आणि तसाच बसलेला मातीत ठेवतात. ज्यांनी जन्मात फोटो काढला नाही त्यांचा त्या दिवशी तरी एक फोटो निघतो. उमरग्याहून फोटोवाला येतो, सगळं घर मागं उभं राहतं, मध्ये हारांत बुडालेला तो माणूस, मिटल्या डोळ्यांचा. शिवलिंगप्पा तो फोटो घेऊन माझ्याकडे आला. "तुमी धोंडीबाचा बैल हुबेहूब काढला म्हणं. आमच्या अप्पांचं काढा. फोटोत सगळं हाय बघा, फेटा हाय, मिशा हायेत, पर झोपल्यावाणी दिसतेत. डोळे तेवढे उघडून द्या." मी हो म्हणून बसलो. सगळं चेहऱ्याचं काम झालं आणि डोळ्यांपाशी येऊन अडलो. हणमंतप्पाला मी हजारदा बघितलं होतं, आणि त्याचे डोळे कसे होते ते मला ठाऊक नव्हतं. आरशात बघून स्वतःचे काढले तर म्हातारा चोरट्यासारखा दिसायला लागला. शेवटी मी शरणम्माला हाक मारली. ती भाकरी थापत होती. "जरा इथं उंबऱ्याजवळ बस, उजेडात." ती पिठाच्या हातानंच येऊन बसली आणि माझ्याकडे बघायला लागली. "माझ्याकडं नको. ती खुंटी बघ, माझ्या मागल्या भिंतीवरची. तिच्याकडं बघ. हलू नकोस." ती खुंटीकडे बघत राहिली आणि दोन तासांत मी हणमंतप्पाचे डोळे उघडले.

शिवलिंगप्पानं चित्र बघितलं आणि एवढा मोठा दुकानदार ढसाढसा रडला. "अस्संच बघायचे ओ! अगदी अस्संच!" मला वाटलं, हा रडतोय म्हणून असं म्हणतोय, चार दिवसांनी त्याला कळेल. कळलं नाही. कधीच कुणाला कळलं नाही. उमरगा, मुरूम, औसा, कुठून कुठून मिटल्या डोळ्यांचे फोटो माझ्याकडे यायला लागले आणि मी एकामागून एक डोळे उघडत गेलो. नऊ वर्षांत तीसेक माणसं झाली असतील. म्हातारे, लेकुरवाळ्या बायका, एक कुस्तीगीर, एक मठातले स्वामी. भुवया बदलायच्या, पापण्या जड करायच्या, वयाप्रमाणे खाली सुरकुत्या द्यायच्या. मधले डोळे तेच. लोक ओळखायचे. प्रत्येक घर आपापला माणूस ओळखायचं. मी त्यांच्याकडून काही घेत नसे, नादच होता. पण गर्व चढला होता हे कबूल करतो. रस्त्यानं जाताना लोक म्हणायचे, हे डोळे उघडणारे कल्याणप्पा. आणि मी शरणम्माला घरी येऊन सांगायचो, "आज आणखी एक फोटो आला." ती म्हणायची, "म्हंजी आज भाकरी करपली म्हणा की." एवढंच. नाही कधी म्हणाली नाही. येऊन बसायची, खुंटीकडे बघायची, मधूनच विचारायची, "किती वेळ ओ?" आणि मी म्हणायचो, "झालंच."

तिचं स्वतःचं चित्र मी एकदा करायला घेतलं होतं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. संयुक्त महाराष्ट्र झाला त्या वर्षीची गोष्ट. नीलाचं लग्न होऊन ती कळंबला गेली होती, घर मोकळं वाटत होतं, तेव्हा शरणम्माच एकदा म्हणाली, "जगाची काढता, आमचंबी काढा की एकदा." मी काढलं. कपाळ झालं, नाक झालं, नाकातली चमकी झाली, हनुवटीवरचं गोंदण झालं. डोळे मी नेहमी शेवटी करतो. तिच्या डोळ्यांची तर घाईच नव्हती. ते मला पाठ होते, झोपेतून उठवलं तरी काढता आले असते. तेवढ्यात आमच्या डॉक्टरसाहेबांची बदली झाली. त्यांचा एक कुत्रा होता, विलायती जातीचा, टायगर नावाचा, साहेब म्हणाले, "कल्याणप्पा, जाण्याआधी आमच्या टायगरचं एक चित्र होऊ द्या." दोन दिवस हातात होते, घरात ताणलेलं दुसरं कापड नव्हतं. मी तिच्या तोंडावर पांढऱ्या रंगाचा हात फिरवला आणि त्यावर कुत्रा काढला. ती बाजूला उभी राहून बघत होती. "छान आलाय कुत्रा," म्हणाली. तुझं नंतर करू, असं मी म्हणालो की नुसतं मनात म्हणालो ते आता आठवत नाही. साहेब कुत्रा आणि चित्र दोन्ही घेऊन गेले. त्या रंगाखाली ती आहे, अजूनही असेल, बिनडोळ्यांची.

यंदा माघात तिला कावीळ झाली. पंधरा दिवसांत सगळं संपलं. तार कळंबला वेळेवर पोचली नाही. नीला लातूरला एक गाडी बदलून, पुढं दुसरी बदलून येईपर्यंत दुसरा दिवस उजाडला होता आणि आमच्यात दिवस मावळायच्या आत माती देतात. पोरगी दारातूनच ओरडली, "अव्वा कुठं हाय?" बायका तिला धरून आत घेऊन गेल्या. तिच्या हातात द्यायला माझ्यापाशी एक फोटोच होता, उमरग्याच्या फोटोवाल्यानं काढलेला. हार, विभूती, मळवट, टेकून बसवलेली ती आणि मिटलेले डोळे. नीलानं तो बघितला आणि पालथा करून ठेवला. जायच्या दिवशी पाया पडताना म्हणाली, "अप्पा, ह्यात मला अव्वा दिसत न्हाई. मला भ्या वाटतं बघायला. तुमी सगळ्या जगाला डोळे उघडून दिले. माझ्या अव्वाचे उघडून द्या. म्या महिन्यानं येते न्यायला." तिला पाचवा महिना होता. तिला नाही कसं म्हणणार? आणि नाही म्हणायचं कारणच काय होतं? मी म्हणालो, "देतो की. त्यात काय हाय?"

त्यात काय आहे ते मला शिवलिंगप्पाच्या दुकानात कळलं. घरी आलो, फोटो पुढं ठेवला, चेहरा करायला घेतला. चेहरा तीन दिवसांत झाला, फोटोत होताच. मग डोळे. हात बिनचूक चालला. तपकिरी बर्न्ट अंबर, त्यात कणभर काळा, पांढऱ्यात किंचित राख, वरच्या पापणीची सावली, शेवटी उजेडाचा ठिपका. दोन पावलं मागं सरून बघितलं तर मळवट लावून, नाकात चमकी घालून हणमंतप्पा बसलेला. मी फडकं टर्पेंटाइनमध्ये बुडवून पुसून काढलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसवले; तर तो मुरूमचा कुस्तीगीर. पुन्हा पुसलं. कधी स्वामी, कधी ती बाळंतपणात गेलेली औशाची पोर. डोळे तेच होते, रेषेनं रेष तेच, आणि तरीही ते आता तिचे राहिले नव्हते. तीस मेलेल्यांनी ते वापरून वापरून आपले करून टाकले होते. मी दवाखान्यात जायचो, पिचकाऱ्या उकळायचो, म्हशीचं तोंड धरायचो आणि म्हशीच्या डोळ्यांत बघून मला भडभडून यायचं, कारण त्या डोळ्यांत दुसरं कुणी नव्हतं. आठ वेळा डोळे बसवले, आठ वेळा पुसले. मांजरपाटावरचा खडू त्या दोन जागी निघून आला, सुताचे धागे दिसायला लागले. नीलाचं पत्र आलं: पुढल्या सोमवारी येते.

मग मला वाटलं, पाठ केलेल्याचा भरवसा नको, मूळ चित्रातूनच उतरवून घ्यावेत. शिवलिंगप्पाच्या दुकानात पुन्हा जायची छाती झाली नाही. मी श्रीमंत पाटलांच्या घरी गेलो. पाटील वारून पाच वर्षं झाली. त्यांचं चित्र माझ्या सगळ्या कामांत उत्तम असं लोक म्हणतात. घरी त्यांची बायको, तुळजाबाई, एकटीच असते. ती कांदे पसरत होती. "या, बसा. तुमची मालकीण गेल्याचं कळलं. लई वंगाळ झालं," म्हणाली. मी चित्राकडे बोट दाखवलं, म्हणालो, जरा बघायचं होतं. तिला काय वाटलं कुणास ठाऊक, ती पदरानं काच पुसायला लागली. "तुमाला खरं सांगू का कल्याणप्पा? मालक जिते असताना माझ्याकडं असं कधी बघितले न्हाईत. सदा डोळे वटारलेले. आलं की म्या चुलीकडं सरकायची. तुमी काढलं आन् माणूसच बदलला. किती मऊ बघतेत! चाळीस वरसं झाली लगनाला, संसार म्या ह्या पाच वरसांत केला." ती पुढं म्हणाली, "येकच हाय. नजर भिडत न्हाई. म्या इथं हुभी राहून बघितलं, पाटावर चढून बघितलं. माझ्या डोक्यावरनं पल्याड बघतेत. जनू मागं कुणी उभं हाय. बघा की तुमी, हिथं हुभं राहून."

मी तिथं उभं राहून बघितलं. तिचं खरं होतं. घरी ती खुंटी माझ्या पाठीमागच्या भिंतीवर, माझ्या डोक्याच्या हातभर वर होती. नऊ वर्षं शरणम्मा त्या खुंटीकडे बघत बसली, कारण मीच तसं सांगितलं होतं, कारण समोरून कुणी बघितलं की मला काम सुचत नाही. तुळजाबाईनं चहा घ्या म्हटलं तेही मी ऐकलं नाही. वाटेनं चालताना मी एकच गोष्ट आठवायला लागलो, शरणम्मा माझ्याकडे बघते आहे अशी एखादी वेळ. चोवीस वर्षांचा संसार, एखादी तर असेल. तिचे हात आठवले, पिठाचे, शेणाचे, हळदीचे. पाठ आठवली, चुलीपुढं वाकलेली. बांगड्यांचा आवाज आठवला, दारावर टेकून उभी राहायची तो खांदा आठवला. लग्नातलं आठवलं तर अक्षतांतून खाली घातलेली मान. मी दवाखान्यातून आलो की ती तांब्या पुढं करायची आणि मी तांब्या घ्यायचो. तांब्याच्या वर एक तोंड असणारच. मी तांब्या बघत होतो. मी रस्त्यात थांबलो. समोरून येणारा गाडीवान ओरडला, "ओ कंपाउंडर, मरायचंय का?" आणि मला खरोखर वाटलं, त्यापेक्षा बरं काय होणार होतं?

एक वेळ आठवली. न आठवती तर बरं झालं असतं. ती जायच्या दोन दिवस आधी दुपारी मी दवाखान्यातून आलो, तिच्या उशाशी बसलो. तिनं डोळे उघडले आणि सरळ माझ्याकडे बघितलं. बोलायची ताकद नव्हती, पण बघत राहिली. काहीतरी सांगत होती, किंवा काहीतरी विचारत होती. माझा अंगठा आपोआप पुढं गेला. जनावराला रक्त कमी आहे की नाही, कावीळ आहे की नाही हे बघायला आम्ही खालची पापणी ओढतो. तशी मी तिची पापणी खाली ओढली. आत पिवळं जर्द होतं. मला आठवतं, मी वाकून नीट बघितलं आणि मनात म्हणालो, यलो ओकरमध्ये थोडा पांढरा, आणि हिरव्याची झाक. नुसत्या ओकरनं हा रंग यायचा नाही. तेवढ्यात तिनं डोळे मिटले. पुढचे दोन दिवस ती ग्लानीतच होती. तो रंग आज मला विचारा, मी कालवून दाखवतो. ती काय विचारत होती ते मला माहीत नाही. मी माणूस आहे की कोण आहे, असं मी त्या दिवशी रस्त्यात स्वतःला विचारलं आणि उत्तर द्यायला कुणी नव्हतं म्हणून घरी आलो.

सोमवारी नीला आली. पोट दिसायला लागलं होतं, चेहरा सुजल्यासारखा. पिशवी ठेवायच्या आत म्हणाली, "कुठं हाय?" चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवलं होतं. मी म्हणालो, आधी हातपाय धू, भाकरी खा. तिनं ऐकलं नाही, चित्र वळवलं. बघितलं. त्या दोन उघड्या धाग्यांच्या जागा तिनं बोटानं चाचपल्या. "हे काय अप्पा?" मी म्हणालो, "मला यीना." "तुमाला यीना?" "न्हाई." "का?" खोटं बोलायला शंभर गोष्टी होत्या, म्हातारपण, चष्मा, रंग संपले. पण मी थकलो होतो. म्हणालो, "नीला, तुझी अव्वा कशी बघायची ते मला ठावं न्हाई." ती माझ्याकडे बघत राहिली आणि मी खाली बघितलं. मला वाटलं, आता ही उठून परत जाईल आणि जावं. मग तिनं डोळे पुसले, चित्र उचलून माझ्या पुढ्यात उंबऱ्याजवळ ठेवलं, स्वतः फतकल मारून शेजारी बसली आणि म्हणाली, "म्या सांगते. तुमी काढा." लोक मला सांगायचेच की, बापाचे डोळे असे होते, आईचे तसे होते. मी तेव्हा मान हलवायचो आणि ऐकायचो नाही. ह्या वेळी ऐकलं.

"डावा डोळा बारका करा," ती म्हणाली. "अजून. हसायच्या आधी तिचा डावा डोळा बारका व्हायचा." मी म्हणालो, "असं न्हाई गं, दोन्ही सारखे होते. मी तीसदा काढलेत." ती म्हणाली, "तुमी मान वर केली की सारखे. तुमी रंग कालवायला खाली वाकला की अव्वा खुंटीकडं बघतच नव्हती. तुमच्या पाठीमागं खाली म्या बसायची न्हवं का, शेंगा फोडत? माझ्याकडं बघायची. तुमची नक्कल करायची, भुवया आवळून, तोंडाचा चंबू करून. मग डावा डोळा बारका करायची. मला हसू यायचं, म्या परकर तोंडात कोंबायची. तुमी मान वर केली की बया झाली देवीची मूर्ती!" ती सांगताना हसली आणि हसता हसता रडायला लागली. मला आठवलं. पाठीमागून खिदळण्याचा आवाज यायचा आणि मी मागं न बघता म्हणायचो, "जा गं, अभ्यास कर." सहा वर्षं, पोरगी सासरी जाईपर्यंत, माझ्या डोक्यावरून की खालून, माझ्या अंगाला वळसा घालून ते दोघींचं चाललं होतं, आणि मी मध्ये बसून मेलेल्यांचे डोळे उघडत होतो. "तू गेल्यावर?" मी विचारलं. "म्हंजे?" "तू सासरी गेल्यावर ती कुठं बघायची?" नीला म्हणाली, "ते मला काय ठावं अप्पा? घरी तुमीच होता की."

दोन दिवस आम्ही बसलो. ती सांगायची, मी काढायचो, ती म्हणायची, न्हाई, मी पुसायचो. खालची पापणी अशी वर चढवा. ठिपका मधोमध नको, कडेला. बघताना मान जरा पुढं यायची, लाजल्यावाणी नव्हं, पुढल्याची फजिती बघायला आल्यावाणी. मी आयुष्यात कुणाचं सांगणं इतकं मुकाट्यानं ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपार कलताना मी ठिपका ठेवला आणि नीलानं माझं मनगट धरलं. "बास. हात लावू नका. आली," म्हणाली. "अप्पा, आली की ओ अव्वा!" तिनं चित्रापुढं डोकं टेकलं आणि हुंदके देऊन रडली, महिन्याभराचं सगळं रडून घेतलं. शेजारच्या बायका आल्या. एक म्हणाली, "अगं बया, शरणम्माच ती! अशीच बघायची इहिरीवर." दुसरी म्हणाली, "आता बोलंल बघा."

मी पलीकडे सरून बघितलं. एक बाई सरळ पुढं बघत होती. डावा डोळा किंचित बारीक, हसू ओठांपर्यंत न आलेलं, पण आतून उकळत असलेलं. खट्याळ होती. हुशार होती. तिला माझ्याबद्दल सगळं ठाऊक होतं आणि त्याचं तिला हसू येत होतं. नाक माझ्या ओळखीचं, गोंदण माझ्या ओळखीचं; ही बाई मी जन्मात कधी बघितलेली नव्हती. एका घरात चोवीस वर्षं, आणि बघितलेली नव्हती. "अशीच होती न्हवं?" नीलानं विचारलं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, तिला ते माझ्याकडून ऐकायचं होतं. मी म्हणालो, "व्हय. अशीच."

रंग ओला होता म्हणून चित्र चार दिवस माजघरात वाळत ठेवलं. नीला तिथंच त्याच्यापुढं बसून तांदूळ निवडायची, हळू आवाजात काहीबाही बोलायची. मी गेलो की गप्प व्हायची. मला आत जाताना धोतराचा सोगा नीट करावासा वाटायला लागला. पाणी प्यायचं तर मी ओसरीवरून हाक मारून मागायला लागलो. तिसऱ्या दिवशी चष्मा आत राहिला होता, तो आणायला उठलो, उंबऱ्यापाशी थांबलो आणि परक्या बायका बसलेल्या असताना पुरुषानं खाकरून जावं तसा दोनदा खाकरलो. नीलानं आतून विचारलं, "अप्पा, खोकला झालाय का ओ?"

"व्हय, जरा," मी म्हणालो.